मूल ॲडमिट असताना रात्री वॉर्डात कोण असतं?

सुरंगी (धागाकर्ती)

पावसाळा सुरू झाला की आमच्या वॉर्डात खाटा कमी पडायला लागतात, आणि नवीन आलेले पालक हमखास एकच प्रश्न विचारतात: "आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी इकडे पाठवलंय, मग आता बाळाला बघणार कोण? ते येणार की तुम्ही?" खाटेशेजारी उभं राहून दोन मिनिटांत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात पूर्णवेळ काम करते. माझी बाहेर ओपीडी नाही. ॲडमिट झालेली मुलं, एवढंच माझं काम. कोकणात ही पद्धत अजून सगळीकडे नाही. तालुक्याच्या गावी बहुतेक ठिकाणी खाली ओपीडी, मागे सहा-आठ खाटा आणि वर डॉक्टरांचं घर असतं. ओपीडीच्या आधी एक राउंड, ओपीडी संपल्यावर दुसरा. मोठ्या खासगी रुग्णालयांत बरेचदा बालरोगतज्ज्ञ व्हिजिटला येतात आणि मधल्या वेळात आरएमओ (रुग्णालयात हजर असणारा निवासी डॉक्टर) असतो. या पद्धतीनेही मुलं बरी होतात, पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. पण जे मूल बिघडायचं असतं ते दोन राउंडच्या मध्येच बिघडतं. लहान मुलाचं शरीर बराच वेळ सांभाळून घेतं. नाडी जलद चालते, हातपाय गार पडतात, तरी रक्तदाब नॉर्मल दाखवतो. आणि मग ते एकदम कोसळतं. त्या आधीच्या तास-दोन तासांत कुणीतरी जाणत्या नजरेनं बघायला हवं असतं.

एक उदाहरण सविस्तर लिहिते. सहा महिन्यांचं बाळ, सर्दीपासून सुरुवात, आता छाती घरघरतेय, दूध कमी घेतंय. ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना आलेली सूज. याला प्रतिजैविकं लागत नाहीत, बहुतेकदा नेब्युलायझरचाही उपयोग नसतो. मग ॲडमिट करून आम्ही करतो काय? अंगावरचे कपडे काढून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलताहेत का ते बघतो. पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळं करतो, गरज असेल तर ऑक्सिजन देतो, दूध ओढवत नसेल तर नळीने देतो. आणि मग पुन्हा पुन्हा तेच बघत राहतो, कारण हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त जोर करतो. सकाळी हसणारं बाळ रात्री दमतं. कण्हणं थांबलं म्हणजे बरं वाटायला लागलं असं नसतं. कण्हायचीही ताकद संपलेली असू शकते. हा फरक फोनवरून कळत नाही. "बाळ शांत झोपलंय" हे वाक्य दोन्ही वेळा सारखंच ऐकू येतं.

दुसरं, मुलांचं सगळंच किलोवर चालतं. सलाइन किती द्यायचं याचं सूत्र १९५७ सालचं आहे: पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या दहा किलोंना ५०, त्यानंतर २०. म्हणजे बारा किलोच्या मुलाला दिवसाला ११०० मिली, तासाला साधारण ४६. ही झाली सुरुवात. मूल तोंडाने प्यायला लागलं की कमी करायचं, जुलाब सुरूच असतील तर वाढवायचं. मीठ कमी असलेलं सलाइन दिल्याने रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात, म्हणून आता बहुतेक मुलांना पुरेसं सोडियम असलेलंच देतात. एकदा लिहून ठेवलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच चालू राहणं मुलांच्या वॉर्डात धोक्याचं असतं.

डेंग्यूत तर उलटंच होतं. ताप उतरतो, घरचे म्हणतात "आता डिस्चार्ज द्या", आणि नेमके तेच चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सगळ्यात जपण्याचे असतात. पालक प्लेटलेट विचारत असतात, आम्ही हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते), लघवी आणि हातापायांचा गारवा बघत असतो.

अमेरिकेत रुग्णालयातच काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी 'हॉस्पिटलिस्ट' हा शब्द १९९६ साली वॉक्टर आणि गोल्डमन यांच्या लेखातून रूढ झाला. तिथे मुलांच्या रुग्णालयीन वैद्यकाला २०१६ मध्ये स्वतंत्र उपशाखेची मान्यता मिळाली, २०१९ मध्ये पहिली परीक्षा झाली. आपल्याकडे हे काम जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत वर्षानुवर्षं चालू आहे, फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कोकणासारख्या भागात याची गरज शहरापेक्षा जास्त आहे. इथून पुढचं मोठं रुग्णालय घाटापलीकडे आहे.

तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा. रुग्णालयांची आणि डॉक्टरांची नावं कृपया नकोत.

पागोळी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी देवगडजवळची. माझी मुलगी दीड वर्षाची असताना न्यूमोनियाने ॲडमिट होती, खासगीत. संध्याकाळी डॉक्टर बघून गेले, छान समजावून गेले. रात्री अकराच्या सुमारास तिचा श्वास मला वेगळा वाटायला लागला. सिस्टर म्हणाल्या, ऑक्सिजन बरोबर दाखवतंय. मी परत गेले. त्यांनी आरएमओंना बोलावलं, त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, सकाळी सर येतीलच. ती रात्र मी तिला मांडीवर उभी धरून काढली. सकाळी सर आले आणि दहा मिनिटांत दुसरीकडे हलवायचं ठरलं. मुलगी बरी आहे, देवाची कृपा. राग कुणावर नाही, पण रात्री तिथे मुलांचे डॉक्टर नसतात हे आम्हाला कुणीही आधी सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर संध्याकाळीच वेगळा निर्णय घेतला असता.

ॲडमिट करताना नेमकं काय विचारायचं? आणि विचारलं तर डॉक्टरांना राग येतो का?

आगोट

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा बालरोगतज्ज्ञ, म्हणजे वरच्या लेखातला "वर घर" असलेला. सुरंगी यांचं वैद्यकीय म्हणणं शंभर टक्के मान्य, पण चित्र एकांगी झालंय असं वाटतं, म्हणून लिहितो.

माझ्याकडे ॲडमिट मुलाची सिस्टर जिन्यावरून हाक मारते आणि मी खाली असतो. वर्षानुवर्षं रात्रीची सलग झोप नाही, बायको-मुलांसोबत गणपतीत बाहेर पडणं नाही. दुसरं म्हणजे ते मूल जन्मल्यापासून माझ्याकडे आहे. त्याला आधी तापात झटका आला होता, त्याच्या आजोबांना दमा आहे, त्याची आई घाबरट नाही आणि ती "वेगळं वाटतंय" म्हणाली तर ते खरंच वेगळं असतं, हे मला माहीत असतं. मोठ्या रुग्णालयात आठ तासांनी डॉक्टर बदलतो. सकाळचा एक, दुपारचा दुसरा, रात्रीचा तिसरा. तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या म्हणून रडत माझ्याकडे परत आलेले पालक मी पाहिलेत. पूर्णवेळ डॉक्टर असणं म्हणजे एकाच डॉक्टरची नजर असणं नव्हे.

आणि एक राहिलंच. मी मूल पाठवतो, नंतर त्याचं काय झालं हे मला कुणी कळवत नाही. आठ दिवसांनी पालक फाइल घेऊन येतात तेव्हा कळतं.

सुरंगी

@पागोळी, वाचून वाईट वाटलं. तुम्ही दोनदा सांगायला गेलात हे अगदी योग्य केलंत. विचारायचं साध्या शब्दांत: "रात्री बालरोगतज्ज्ञ इमारतीत असतात का? नसतील तर बोलावल्यावर किती वेळात पोचतात? इथे ज्याची सोय नाही असं काही लागलं तर बाळाला कुठे पाठवता?" ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याला येऊ द्या. आणि ॲडमिट करताना वजन स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्या. अंदाजे लिहिलेल्या वजनावर डोस चुकतात.

घरी किंवा वॉर्डात आईबापांना श्वास मोजता येतो, ते शिकून ठेवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त म्हणजे जलद. मूल शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचा. "वेगळा वाटतोय" यापेक्षा "मिनिटाला ५८ आहे" हे सांगितलं की ऐकणाऱ्याला उठावंच लागतं.

@आगोट, तुम्ही लिहिलंत ते मला पटतं आणि लागतंही. जिन्यावरून हाक मारली की खाली येणारा डॉक्टर हा वॉर्डातलाच डॉक्टर, त्याबद्दल माझा वादच नाही. तुमच्यासारखे एकेकटे लोक कोकण चालवताहेत. माझी काळजी अशी की एका माणसाने हे किती वर्षं करायचं, आणि तो आजारी पडला की त्या आठ खाटांचं काय?

पाळी बदलताना माहिती गळते हे खरं आहे. यावर अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत काम झालं होतं, २०१४ साली प्रसिद्ध झालं. मूल किती गंभीर आहे, झालंय काय, करायचं काय, बिघडलं तर काय, आणि घेणाऱ्याने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, अशी ठरलेली पद्धत लावल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. आम्ही हेच खाटेशेजारी करतो, आईसमोर. आई मध्येच म्हणते, "नाही, दुपारी परत उलटी झाली," आणि कागदावर नसलेली गोष्ट कळते. पालकांना तीन डॉक्टर तीन गोष्टी सांगत असतील तर ती त्या विभागाची चूक आहे, पालकांची गैरसमजूत नाही.

पाठवलेल्या मुलाची खबर पाठवणाऱ्याला मिळायलाच हवी. माझ्याकडून डिस्चार्जच्या दिवशी फोन जातो. सगळीकडून जात नाही हे मान्य.

रातपाळी

मी एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) सिस्टर आहे, जिल्हा लिहीत नाही. नवजात बाळांबद्दल थोडं लिहू का?

आमच्याकडे अठ्ठावीस दिवसांपर्यंतची बाळं येतात, १८०० ग्रॅमच्या आतली, श्वासाचा त्रास असलेली, कावीळ झालेली. यंत्रं आहेत, पण मी ड्यूटीवर आले की आधी हात लावते. पोट गरम आणि तळपाय गार असले की बाळ थंडीशी झगडतंय. अजून थर्मामीटरवर काही दिसत नसतं, पण बाळ आपली ताकद त्यातच घालवत असतं. मग टोपी, मोजे, आणि तब्येत स्थिर असेल तर आईच्या छातीशी. कांगारू पद्धत १९७८ मध्ये बोगोट्यात सुरू झाली, इन्क्युबेटर कमी होते म्हणून. आमच्याकडे आया सुरुवातीला लाजतात, नळ्या लावलेल्या बाळाला धरायला घाबरतात. एकदा बाळ छातीवर निवांत झालं की परत द्यायला तयार नसतात. आता आम्ही आजीलाही बसवतो, आई सिझरची असेल तर बापालासुद्धा.

ओढता येत नसेल तर आईचं दूध काढून पळीने पाजतो. घाई केली की ठसका लागतो. एका बाळाला अर्धा तास लागतो, आणि कक्ष बाळांनी भरलेला असला की हात कमी पडतात, ते खरं.

डॉक्टरांबद्दल एवढंच सांगते. बदल आधी आम्हाला दिसतो. आमच्या मॅडमनी सांगून ठेवलंय, "शंका आली की बोलवा, खोटी निघाली तरी चालेल." ज्या डॉक्टरला रात्री उठवायची भीती वाटते, त्याच्या वॉर्डात सिस्टर सकाळची वाट बघते. पागोळीताईंच्या बाबतीत काय झालं असेल ते मला न सांगता कळलं.

आणि पालकांनी हे लक्षात ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त, गाडी सगळं मोफत, आणि पुढे हे वर्षापर्यंतच्या बाळांना लागू झालं. खर्चाच्या भीतीने बाळ घरी ठेवू नका.

वहाळ

मी बीएचएमएस (होमिओपॅथीचा डॉक्टर), एका खासगी रुग्णालयात रात्रीचा आरएमओ. रातपाळी यांनी लिहिलेली भीती आम्हालाही असते. फोन करायचा की नाही हे ठरवण्यातच अर्धा तास जातो. मुलांच्या बाबतीत फोन कधी करायचाच, याचा काही नियम आहे का?

सुरंगी

@रातपाळी, तुमची पोस्ट आमच्या नवीन डॉक्टरांना वाचायला देणार आहे.

@वहाळ, हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. मुलांसाठी धोक्याच्या इशाऱ्यांचे तक्ते असतात. वागणूक, रंग आणि रक्ताभिसरण, श्वास, यांना गुण द्यायचे आणि ठरावीक आकडा झाला की फोन करायचाच. तक्त्याचा मोठा फायदा हा की फोन तुम्ही करत नाही, तक्ता करतो. तुमच्या सरांकडून असा आकडा लिहून घ्या आणि भिंतीवर लावा. आणि तक्त्यात काहीही नसलं तरी दोन गोष्टींना फोन: आई दुसऱ्यांदा सांगायला आली, किंवा तुम्हाला स्वतःला मूल ठीक वाटत नाहीये.

तिठो

डॉक्टरांनू, माका मराठीत लिवक जमणा नाय, असाच लिवतंय. मी दोडामार्गाकडचो. गेल्या वर्सा झिलाक ताप इलो. आमच्याकडे माकडतापाचा भय आसता, म्हणान सगळे घाबारले. कोण म्हणता गोव्याक बांबोळीच्या हॉस्पिटलात व्हरा, कोण म्हणता ओरोसाक जिल्ह्याच्या हॉस्पिटलात. शेवटाक ओरोसाक नेलंव. थंयच्या डॉक्टरान दिवसातसून कितीतरी फावट येवन बघितल्यान, आणि माका समजाक नाय ता परत परत सांगल्यान. झील बरो झालो. माजा इचारणा इतक्याच: खंय नेवचा ह्या ठरवतलो कोण?

चाकरमानी_परळ

तिठो यांच्याच प्रश्नाला जोडून. आम्ही मुंबईत, आईवडील आणि भावाची मुलं संगमेश्वराकडे. दर वेळी मूल आजारी पडलं की आम्ही इथून फोनवर सांगतो, "गाडीत घाला आणि वाडियाला आणा." माझं ऑफिसच परळला. चूक करतोय का आम्ही?

सुरंगी

@तिठो, झील बरो झालो ह्या वाचून बरा वाटला. ठरवतो तो पहिला बालरोगतज्ज्ञ, ज्याने मुलाला हात लावून तपासलंय. नातेवाईक नाही आणि गाडीवालाही नाही. तुमच्या भागात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती. त्यामुळे मूल काजूच्या बागेत किंवा जंगलाकडे गेलं होतं का, अंगावर गोचीड सापडली का, हे पहिल्या भेटीत सांगायलाच हवं. शहरातला डॉक्टर कदाचित हे विचारणार नाही.

@चाकरमानी_परळ, वाडिया १९२९ पासूनचं मुलांचं रुग्णालय आहे, तिथे पोचलेलं मूल चांगल्या हातात असतं. प्रश्न पोचण्याचा आहे. रत्नागिरी ते मुंबई सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त, ते हायवेवरून, पावसात. कोल्हापूर जवळ, पण आंबा घाट. श्वासाचा त्रास असलेलं मूल ऑक्सिजनशिवाय खासगी गाडीत घालणं हा सगळ्यात वाईट पर्याय. आधी जवळच्या ठिकाणी न्या. तिथला डॉक्टर श्वास, रक्ताभिसरण, साखर आणि अंगाची ऊब सांभाळेल, नस धरून ठेवेल, पुढच्या रुग्णालयात फोन करून खाट आहे का विचारेल, मग १०८ बोलावेल. मूल स्थिर करून पाठवणं आणि ढकलून देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आता अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बरीचशी मुलं जिल्ह्याबाहेर न जाता बरी होऊ शकतात.

आणि काही गोष्टी तर कोकणातल्याच डॉक्टरला जास्त कळतात. लाल विंचू घ्या. मूल घामाने निथळलेलं, उलट्या, हातपाय बर्फासारखे, आणि दंशाच्या जागी फारसं काहीच नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी याच भागातले रुग्ण बघून प्राझोसिनचा उपचार जगापुढे आणला. गोळी साधी, स्वस्त, पण वजनावर द्यायची, आणि दिल्यावर मुलाला उचलून कडेवर घ्यायचं नाही, आडवंच ठेवायचं, कारण रक्तदाब एकदम पडू शकतो. आईला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर मूल रडलं की ती उचलणारच. पुढचे कितीतरी तास कुणीतरी बसून नाडी, रक्तदाब आणि फुप्फुसं बघत राहतं. फुरसं चावलेल्या मुलाचंही तसंच. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर प्रतिसर्पविष सुरू. आणि इथे किलोचं गणित लागत नाही. मुलालाही मोठ्या माणसाएवढंच द्यावं लागतं, कारण सापाने विष मूल बघून कमी सोडलेलं नसतं.

पागोळी

वरचे तीन प्रश्न वहीत उतरवून घेतलेत. आमच्या बचत गटाच्या बायकांना श्वास मोजायला शिकवते. डिस्चार्जच्या वेळी काय बघून घ्यायचं, तेही सांगा ना.

सुरंगी

कागदावर निदान मराठीत समजावून घ्या. औषध किती मिली आणि किती दिवस ते लिहून घ्या. जुलाबाचं मूल असेल तर झिंक जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायचं असतं, बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी बंद होतं. कुठली लक्षणं दिसली तर परत यायचं आणि रात्री यायचं झालं तर कुठे, हे लिहून घ्या. आणि कागदाची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा.

आगोट

शेवटची ओळ वाचून बरं वाटलं. पाळ्यांबद्दलचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण "तो आजारी पडला की आठ खाटांचं काय" हे वाचल्यावर दोन दिवस डोक्यात तेच आहे. आमच्या तालुक्यात आम्ही तिघे बालरोगतज्ज्ञ, तिघेही रोज रात्री जागे. एक रात्र एकाने तिन्हीकडची मुलं बघायची, असं आळीपाळीने करता येईल का ते येत्या रविवारी बसून बोलणार आहोत. सुरंगी, तुमचा तो पाळी बदलतानाचा नमुना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि मी पाठवलेल्या मुलांच्या वेळी माझा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर असेल, कृपया रात्रीसुद्धा फोन करा.

सुरंगी

व्यनि केला आहे. रविवारी काय ठरतं ते इथेच लिहा, आमच्या बाजूच्या तालुक्यातल्या दोघांना मी हा धागा पाठवला आहे.